बोरच्या पाण्यात लागलेला दिवा

यंदा जानेवारीत आंजी (मोठी) जवळच्या एका शाळेतल्या नव्या विज्ञान शिक्षकाचा पाठ दुसऱ्यांदा परत गेला. परत पाठवणारी मी होते. शिक्षकाचे आडनाव ढगे. तिसरी संधी शेवटची होती आणि मुदत शनिवारी संपत होती.

मी नव्या विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करते. पूर्वी शिक्षकांना तालुक्याला बोलावून भाषणे ऐकवत. आता शिक्षक वर्गात मोबाईल लावतो, पाठ रेकॉर्ड करतो आणि अॅपवर टाकतो. मी तो पाहते आणि ज्या ठिकाणी काही सांगायचे असेल तिथेच शेरा लिहिते. पाठ मान्य झाला की प्रशिक्षण पूर्ण. ढगे सर शिक्षणसेवक होते, म्हणजे ठरावीक मानधनावरचे, अजून कायम न झालेले शिक्षक. आमच्याकडे प्रशिक्षण पूर्ण असल्याशिवाय कायम करण्याचा प्रस्ताव पुढे जात नाही.

दोन्ही पाठांवर माझा शेरा एकच होता : मुलांचा सहभाग दिसत नाही. मुले हाताची घडी घालून बसलेली. सरांनी विचारले की एका सुरात "हो सर". विषय होता पाण्यातून वीज वाहते का. ग्लासात पाणी, त्यात दोन खिळे, खिळ्यांना तारा, तारांना नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक एलईडी, म्हणजे लहानसा दिवा. साध्या पाण्यात दिवा लागला नाही. मीठ टाकल्यावर लागला. सगळे पुस्तकाबरहुकूम.

दुसरा व्हिडिओ पुन्हा पाहताना एक गोष्ट दिसली. आधी ग्लास प्लास्टिकचा होता. पुढच्या क्षणी काचेचा. मधला तुकडा कापलेला होता. मी ढगे सरांना फोन लावला.

"सर, मधलं काय काढलं?"

"काही नाई मॅडम. प्रयोग चुकला होता."

"काय चुकलं?"

"साध्या पाण्यातच लाइट लागला. नाई लागला पाहिजे ना. मग फिल्टरच्या कॅनचं पाणी आणलं, नवा ग्लास घेतला, पुन्हा केलं."

"पहिल्यांदा पाणी कुठलं होतं?"

"शाळेचंच. बोरवेलचं."

मग तेच म्हणाले, "मॅडम, यावेळी परत गेला तं माह्या बाबाले बरंच होईल. सिंदीले दुकान आहे आमचं. ते रोजच म्हंतात, मास्तरकी राहू दे, काउंटरवर बस."

मी आमच्या कार्यालयातल्या साहेबांकडे शाळेत जायची परवानगी मागितली.

"मॅडम, कार्यक्रम ऑनलाइन आहे," साहेब म्हणाले. "तुम्हीच बसने फिरणार असाल तर अॅप कशाला केलं?"

"व्हिडिओत वर्ग दिसत नाही सर."

"दिसत नाही तर नापास करा. सोपं आहे."

"दोनदा केलंय. कारण कळलेलं नाही."

"एकच दिवस," साहेब म्हणाले.

गुरुवारी मी वर्गात मागे बसले. ढगे सरांनी बाकावर कंपासपेटी ठेवून तिला मोबाईल टेकवला. बटण दाबण्याआधी ते मुलांकडे वळले.

"हे पाहा बेटा, रेकॉर्डिंग चालू होते. कोणी बोलाचं नाई. बोललं तं पुस्तकातल्यावानी बोलाचं. साहेब लोक आयकतात."

सातवीच्या पस्तीस मुलांनी हाताची घडी घातली. शाळा तपासणीला कोणी आले की असेच बसायचे, हे त्यांना पहिलीपासून ठाऊक होते. त्यांच्या लेखी मोबाईल म्हणजे तपासणीच.

मी सरांना मोबाईल खिशात ठेवायला सांगितले. पाणी बोरचेच घ्या, म्हटले.

"मॅडम, लाइट लागन."

"लागू द्या."

दिवा लागला. मंद, पण लागला. मग मागून ओम नावाचा मुलगा बोलला.

"सर, पुस्तकात तं नाई लागत."

"पुस्तकाले आपल्या गावचं पाणी काय माहीत बे," शेजारचा म्हणाला. वर्ग हसला. सरांनी माझ्याकडे पाहिले.

"काऊन लागला असन?" सरांनी विचारले. आवाज बदलला होता. व्हिडिओतला नव्हता.

श्रावणी नावाची मुलगी उभी राहिली. "सर, आपल्या बोरच्या पाण्यात खार हाय. आमच्या घरी पाणी तापवाच्या गंजाले आतून पांढरा थर येते. मायले घासून घासून निघत नाई. तेच असन."

"अन् ग्लासच खारट असन तं?" ओम म्हणाला. "तुह्या हाताचा घाम लागला असन."

"माह्या हाताले एवढा घाम येत नाई. तुह्यासारखी पळून नाई येत मी."

सरांनी तो ग्लास कॅनच्या पाण्याने दोनदा विसळला आणि त्यात कॅनचे पाणी भरले. दिवा लागला नाही. ग्लास रिकामा करून बोरचे भरले. लागला. पुन्हा कॅनचे घेऊन चिमूटभर मीठ टाकले. चांगला लागला. ओमने श्रावणीकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

घंटा झाली. ढगे सर बाकावर बसले.

"चांगला झाला पाठ," मी म्हटले.

"हो. अन् रेकॉर्डच नाई झाला." त्यांनी तारा गुंडाळायला घेतल्या. "उद्या हाच केला तं पोट्टे नाटक करतीन. त्यायले आता उत्तर माहीत हाय."

"मग उत्तर माहीत नसलेलं काही करा."

शुक्रवारी मी तिथे नव्हते. संध्याकाळी अॅपवर व्हिडिओ आला. मुलांनी घराघरातून बाटल्या आणल्या होत्या. विहिरीचे पाणी, हातपंपाचे, नळाचे. कोणत्या पाण्यात दिवा जास्त उजळेल, यावर प्रयोगाआधीच भांडण सुरू होते. अॅपने आपोआप लाल खूण केली : आवाज अस्पष्ट.

शनिवारी सकाळी मी तो साहेबांना दाखवला.

"हा गोंगाट आहे मॅडम."

"हो सर."

"आणि साध्या पाण्यात लाइट लागतोय. पुस्तकात काय आहे?"

"शुद्ध पाणी, असं आहे. हे बोरचं आहे."

साहेबांनी व्हिडिओ पुढे सरकवला नाही. पूर्ण पाहिला. मध्ये एकदा हसले. एक मुलगा हातपंपाची बाटली उचलून म्हणत होता, "सर, आमचं पाणी हारलं, पण प्याले गोड हाय."

"लाल खूण काढता येते का?" त्यांनी विचारले.

"मार्गदर्शकाला येते, म्हणजे मला."

"काढा मग."

दुपारी पाठ मान्य झाला. मान्य न केलेले आधीचे दोन्ही व्हिडिओ अॅपवर तसेच आहेत. आता नव्या बॅचला पहिल्या दिवशी दुसरा आणि तिसरा व्हिडिओ लागोपाठ दाखवतात. ढगे सरांनीच तशी परवानगी दिली.

त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव मार्चमध्ये पुढे गेला. आदेश अजून आलेला नाही. सिंदीच्या दुकानात त्यांच्या वडिलांनी काउंटरवर बसायला पगारी माणूस ठेवला आहे.