शिवणीतलं कापड

रोह्याच्या बाजारात एक टेलर आहे. नाव मी कधी विचारलं नाही. कंपनीतली शिफ्ट सुटली की मी नाक्यावरच्या गाडीवर चायनीज हाणायचो आणि दर थोड्या महिन्यांनी पँट कमरेत सैल करायला त्याच्याकडे जायचो. तो निमूट शिवण उसवायचा, दातांनी धागा तोडायचा. एकदा मात्र पँट उलटी करून दाखवत म्हणाला, "भाऊ, आता सोडायला कापडच नाय उरलं."

डॉक्टरला न जुमानणारा मी दुसऱ्या दिवसापासून भाकरी आणि वालाच्या उसळीचा डबा नेऊ लागलो.

काल तीच पँट आत घ्यायला दिली. किती हायसं वाटलं! "जास्तीचं कापून टाका," मी ऐटीत म्हटलं.

"ऱ्हाऊ दे आतच," तो म्हणाला. "चायनीजची गाडी अजून नाक्यावरच हाय."