गफूरचाचा आणि जावयाची फुस्स

कुरुंद्याच्या शाळेच्या मैदानाला लागून गफूरचाचांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, पाण्याचं एक घमेलं आणि जुन्या टायरांची चवड. चाचा त्या चवडीवर बसत. मांडीवर ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब असे. संध्याकाळी व्हॉलीबॉल सुरू झाला की त्यांची नजर नेटवर आणि अंगठा ट्यूबच्या व्हॉल्व्हवर. कुणी चुकलं रे चुकलं की ते व्हॉल्व्ह दाबत. फुस्स! एवढ्या जोरात, की पलीकडं टपरीवर चहा पिणारी माणसं मान न वळवता विचारत, "कोण? भास्कऱ्या का?"

बहुतेक वेळा भास्कऱ्याच असे. म्हणजे मी.

मी कुरुंद्याचा लिफ्टर. ज्यांनी व्हॉलीबॉल बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिफ्टर नेटजवळ उभा राहून चेंडू वर उडवून देतो आणि स्मॅशर उडी मारून तो समोरच्यांच्या छाताडावर हाणतो. टाळ्या स्मॅशरला, शिव्या लिफ्टरला. जेवण चांगलं झालं तर नाव यजमानाचं, मीठ जास्त पडलं तर आचाऱ्याचं, तसला हा प्रकार. दिवसभर मी मेडिकलच्या दुकानात लोकांना गोळ्या द्यायचो आणि संध्याकाळी चाचांकडून शिव्या घ्यायचो.

"काहून रे भास्कऱ्या, चेंडू सोताच्या उंचीचा देऊन राहिला? तू हायेस सव्वापाच फुटी. मारणारा हाय सहा फुटी. ज्याला द्यायचं त्याच्या उंचीचं दे की!" हे वाक्य मी आठ वर्षं रोज ऐकलं. स्वतः चाचांनी जन्मात एक सर्व्हिस टाकली नव्हती. एकदा चिडून मी तसं बोललोही. चाचा शांतपणे घमेल्यात ट्यूब फिरवत म्हणाले, "मी ट्रॅक्टरबी चालवत न्हाई. पण पंक्चर कुठं हाय ते मालकाला मीच दाखवतो ना?"

त्यांच्यासमोर उलट्या बादलीवर तांड्यावरचे राठोड गुरुजी बसत. निवृत्त शिक्षक, आवाज अजून वर्गातलाच. दोघांचा वाद एकच आणि वीस वर्षं जुना. गुरुजींचं म्हणणं, दोन उंच स्मॅशर आणा, लिफ्टर कुणीबी चालतो. "कुणीबी?" चाचा उसळत. "तुमच्या शाळेत बी कुणीबी शिकवलं असतं म्हणावं का आमी? आधी लिफ्टर घ्यावं. मग दुसरा लिफ्टर घ्यावं. जागा उरलीच तर स्मॅशर!" चहा येई, संपे, पुन्हा येई. मैदानावर आम्ही खेळत असू, पण खरा सामना कडेला चाललेला असे.

आणि मग चाचांच्या मुलीचं, शबानाचं लग्न झालं. जावई मिळाला औंढ्याचा सलीम. सहा फूट उंच, आणि अल्लाची करणी बघा, स्मॅशर!

सलीम सासुरवाडीला आला की मैदानात उतरायचाच. पहिल्याच दिवशी त्यानं चेंडू थेट शाळेच्या कौलांवर घातला. आम्ही सगळे कान टवकारून उभे. फुस्स नाही! चाचांचा अंगठा व्हॉल्व्हवर होता, पण दबला नाही. "हवा है, सलीममियां, हवा," चाचा म्हणाले. समोरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. दुसरा चेंडू नेटमध्ये गेला. "नेट ढीली है," असं म्हणत चाचा स्वतः उठले आणि ताठ बसलेली नेट आणखी ताणून आले.

"गफूरभाई, आज ट्यूबच पंक्चर हाय काय?" गुरुजींनी विचारलं.

"जावई हाय, गुरुजी. जावयाला फुस्स करत न्हाईत."

तीन वर्षं हेच चाललं. सलीमसाठी 'आप', सलीमसाठी खास उर्दू, आणि सलीमच्या चुकांसाठी हवा, नेट, ऊन, चेंडूची शिवण. आम्हाला मात्र त्याच्या वाट्याच्याही फुस्स मिळायच्या. पोटशूळ उठायचा मला.

मग आमच्या भागातल्या स्पर्धेत नवा नियम आला. गावोगावचे लोक बाहेरून तगडे खेळाडू आणू लागले होते. म्हणून संयोजकांनी ठरवलं की आठ गावांच्या खेळाडूंची एकच यादी करायची आणि गावांनी पाळीपाळीनं त्यातून एकेक जण निवडायचा. चिठ्ठीत पहिली पाळी कुरुंद्याची निघाली, दुसरी औंढ्याची. आमच्याकडून निवडायला उभं कोण राहणार? गफूरचाचा! गावात दुसरं नावच निघालं नाही. मी निर्धास्त होतो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. वीस वर्षं 'आधी लिफ्टर' म्हणून गळा काढणारा माणूस दुसरं करणार तरी काय?

पण त्या सकाळी शबानाचा फोन आला होता. हे मला नंतर कळलं. "अब्बा, तुमीच त्यांना मागं ठेवलं तर सासरी मी तोंड कसं दाखवू?" एवढंच ती म्हणाली होती.

चाचा उभे राहिले. माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या चपलांकडं बघितलं. "कुरुंद्याकडून," ते म्हणाले, "सलीममियां."

वीस वर्षांचा वाद राठोड गुरुजी त्या क्षणी जिंकले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. औंढ्याच्या माणसानं मात्र उडी मारून माझं नाव घेतलं.

मला इतका राग आला, की त्या पंधरवड्यात गाडी पंक्चर झाली तेव्हा भर उन्हात ढकलत वसमत रोडला नेली. चाचांनी बघितलं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू!

अंतिम सामना कुरुंदा आणि औंढ्यातच झाला, तोही आमच्याच मैदानावर. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या. कुरुंद्याला लिफ्टर म्हणून तांड्यावरचा विष्णू मिळाला होता. हाताचा गोड, पण माझ्यापेक्षाही बुटका. सलीम उडी मारून वर जायचा, चेंडू अजून खालीच असायचा. मग सलीम खाली आणि चेंडू नेटमध्ये. पहिला सेट आम्ही आरामात घेतला. दुसऱ्यात आम्हीच माती खाल्ली आणि माझी एक लिफ्ट वाकडी गेली. फुस्स! मी शत्रूच्या संघात होतो तरी फुस्स. देवाशप्पथ सांगतो, मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं, आनंदानं.

तिसऱ्या सेटला आम्ही पाच गुणांनी पुढं होतो. सलीमनं ओळीनं तीन चेंडू नेटमध्ये घातले. "हवा है," चाचा पुटपुटले. कुरुंद्याच्या कप्तानानं वेळ मागून घेतली. सगळे पाण्याकडं गेले. सलीम गेला टायरांच्या चवडीकडं. घामानं निथळत सासऱ्यासमोर उभा राहिला.

"अब्बा, भास्करकू फुस्स. विष्णूकू फुस्स. सबकू फुस्स. मेरेकूच कायकू नहीं? तीन साल से मेहमान के वैसा खेल रहा हूं मैं. मैं तुम्हारा कोई नहीं क्या?"

चाचांनी वर बघितलं. मग व्हॉल्व्ह दाबला आणि सोडलाच नाही. तीन वर्षांची तुंबलेली हवा! पुरी ट्यूब मांडीवर लोळागोळा होईपर्यंत ती वाजत राहिली. आणि मग चाचा उठून उभे राहिले. उर्दू गेली, 'आप' गेलं.

"ए उंटा! काहून एवढ्या लवकर उडून राहिला? विष्णू बुटका हाय, त्याचा चेंडू खालून येतो. तू आभाळात जाऊन वाट बघतो व्हय त्याची? डोकं हाय का नारळ? पाऊल आखूड टाक, जरा दम धर. आधी त्याच्या उंचीला ये, मग वर जा!"

सलीम मान खाली घालून ऐकत होता आणि लग्नातही हसला नसेल असा हसत होता.

पुढचं काय सांगू! त्यानं पाऊल आखूड केलं, क्षणभर थांबायला लागला, आणि आमच्या छाताडांची पार वाट लावली. आम्ही हरलो. गुरुजी बादलीवर उभे राहून नाचले आणि बादलीसकट पडले.

मी एका बाजूला बुटांच्या नाड्या सोडत बसलो होतो. चाचा आले. शेजारी मातीतच बसले. "भास्कऱ्या, पहिला तुलाच घ्यायचा हुता. बराबर तेच हुतं. पोरीचा बाप झालो अन् चुकलो." माझा राग विरघळला, डोळे भरून आले, मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पण दुसऱ्या सेटला काय देऊन राहिला हुता रे? बोटं हायेत का लाकडं?" ट्यूब रिकामी होती, म्हणून तोंडानंच केली. फुस्स.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. दुपारी चवडीवर बसल्या बसल्याच, छातीत कळ येऊन. जनाजा निघाला तेव्हा पुढच्या एका बाजूला सलीमनं खांदा दिला होता. दुसऱ्या बाजूला मी शिरलो, कुणी अडवलं नाही. आता सलीम सहा फूट आणि मी सव्वापाच. माझी बाजू खाली गेली आणि चाचा माझ्याकडं कलले. मी टाचा उचलल्या, जेवढ्या उचलता येतील तेवढ्या. तिकडून सलीमनं माझ्याकडं बघितलं आणि एवढा मोठा गडी गुडघ्यात वाकला. असेच आम्ही निघालो, तो वाकून आणि मी चवड्यांवर. लोक दर पंधरा पावलांना खांदा बदलत होते. आम्ही काही सोडला नाही.

मैदानाजवळून जाताना दुकान दिसलं. चवडीवर ट्यूब तशीच पडली होती, भरलेली. राठोड गुरुजी मागून चालत होते. ते वाटेतून बाजूला झाले, दुकानापाशी गेले, वाकले, आणि त्यांनी व्हॉल्व्ह दाबला.

सलीमनं खालच्या आवाजात मला विचारलं, "कोण चुकलं?"

"दोघंबी," मी म्हणालो. आम्ही रडत होतो आणि हसूही आवरत नव्हतं. कबरस्तानापर्यंत चाचांना आम्ही सरळ नेलं.