सरूमावशीचं माहेर

सरूमावशी कुणाच्याही घरी गेली की टेकायच्या आधी दाराची आतली कडी लावून बघायची. लातूरजवळच्या मुरुडला ती आमच्या शेजारी राहायची आणि गल्लीत याची चेष्टा व्हायची. नवं दार बसवलं की लोक म्हणायचे, आधी मावशीकडून पास करून घ्या. मला जुन्या वेशी, गढ्या, किल्ले बघायचं वेड. उदगीरला एका सागवानी दारापुढं मी फोटोसाठी मोबाइल काढला, तेव्हा ती म्हणाली, "तुला नक्षी दिसती. मी कडी बघते."

त्या दिवशी मी तिला गाडीनं मुखेडजवळच्या तिच्या माहेरी नेत होतो. पाच-सहा वर्षांची असताना तिचं ते गाव सुटलं होतं. रझाकारांनी वडिलांना आणि दोन भावांना मारलं. आई तिला घेऊन निजामाच्या हद्दीपलीकडच्या छावणीत पळाली, ती परत फिरलीच नाही. आता ऐंशी ओलांडल्यावर मावशीला एकच घोर लागला होता. बाई गेली की अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं. "माझ्यावर कोण घालील? कुणी एकानं वळखलं तरी बास."

गाव मात्र देखणं निघालं. दगडी वेस, चिंचेखाली पार, पडक्या बुरुजावर पोपट. त्या काळातले एकटे नागोराव उरले होते, ते पारावरच भेटले. त्यांना मावशीचं घर, वडील, सगळं आठवत होतं. पण मुलगी म्हटल्यावर ते मान हलवायला लागले. त्या घरात तीन मुलगेच होते, म्हणाले. धाकटा सख्या त्यांचा खेळगडी. तिघंही त्या धामधुमीत गेले.

मावशीचा चेहरा उजळला. रझाकारांच्या भीतीनं आईनं तिचे केस कापले होते, सदरा घालून तिला सख्या केलं होतं, हे तिनं घाईघाईनं सांगून टाकलं. "नाग्या, मीच सख्या."

नागोराव डोळे पुसून म्हणाले, "बाई, मेलेल्या लेकरावरून असं बोलू न्हाई."

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. मावशी गुपचूप उठली आणि गाडीत बसल्यावर पदरात तोंड खुपसून रडली. "आईनं लई पक्कं लपिवलं रं मला," एवढंच म्हणाली.

त्याच हिवाळ्यात ती गेली. नागोरावांच्या मुलाचा नंबर मी घेऊन ठेवला होता, त्याच्यावर कळवलं. पलीकडून नुसतं 'बरं' आलं. दुपारपर्यंत वाट बघितली. लोक घाई करायला लागले. शेवटी माझ्या बायकोनं बाजारातून लुगडं आणून तिच्या अंगावर घातलं. ते माहेरचं नव्हतं, आणि ते आम्हाला फार लागलं.

मातीहून परतून आंघोळी उरकल्या, दिवेलागण झाली, तेव्हा दारात नागोराव उभे. एसट्या बदलत एकटेच आले होते. त्या दिवसापासून झोप नाही, म्हणाले. त्यांना नाग्या म्हणणारं सख्याशिवाय कुणी नव्हतं. काखेतलं कागदात गुंडाळलेलं नवं लुगडं त्यांनी दोन्ही हातांत धरलं आणि आत डोकावून विचारलं,

"कुठं निजवलंय तिला?"