घरात घालायचा जोड

काकांनी पिशवी उलटी केली. बाल्कनीच्या फरशीवर चपला पडल्या. अंगठा तुटलेली कोल्हापुरी. पट्टा सुटलेली सँडल. तळ उकललेला काळा बूट.

"जाता जाता एवढ्यांना टाके घालून दे," काका म्हणाले. "इथले चांभार धड शिवत नाहीत, आणि त्यांची भाषाही कळत नाही. तुझ्या काय, हातातच आहे."

मी स्टुलावर बसलो होतो. काकूंचा उजवा पाय माझ्या गुडघ्यावर होता. पायाखाली मी त्यांच्यासाठी बनवलेला, चपलेत बसवायचा इनसोल धरला होता. काकू बाल्कनीबाहेर बघत होत्या.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची ही गोष्ट. मुंबईत मी पायांचे आणि हातांचे आधार बनवण्याची पदवी घेतली. नोकरी चेन्नईत लागली, नुंगंबाक्कममधल्या एका खासगी क्लिनिकमध्ये. ज्यांचे तळवे सपाट आहेत, ज्यांची टाच दुखते, मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची जाणीव गेली आहे, अशांच्या पायांचे साचे घ्यायचे आणि त्यांच्या मापाचे इनसोल बनवायचे, हे माझं काम. पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. प्लास्टर घट्ट होईपर्यंत पाय दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवायचा. त्या साच्यात पुन्हा प्लास्टर ओतलं की पाय जसाच्या तसा तयार होतो. तो कानशीने घासायचा. कमानीला आधार हवा तिथे कॉर्क, जोर पडतो तिथे मऊ फोम, आणि सगळ्यात वर पातळ चामडं. चेन्नईच्या घामात रेक्झिन चालत नाही. पाय भिजून राहतो, कातडी सोलते. चामडं घाम पितं.

राहायला तिरुवल्लिकेणीत होतो, एका मॅन्शनमध्ये. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांच्या खोल्यांची इमारत. माझ्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि खिडकीतून दिसणारी दुसऱ्या मॅन्शनची खिडकी. शेजारी बोलायचे ते तमिळ. मला कामापुरतं यायचं. घरी फोन नव्हता. गावातल्या किराणा दुकानात फोन करायचा, निरोप ठेवायचा, आई येईपर्यंत थांबायचं. आई यायची आणि ओरडून विचारायची, "जेवलास का?" मी हो म्हणायचो. तेवढंच. काही दिवस असे जायचे की तोंडातून मराठीचा एक शब्द बाहेर पडायचा नाही.

अशात काकू क्लिनिकमध्ये आल्या, पेशंट म्हणून. काका एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बदलीवर चेन्नईत. काकूंना मधुमेह. डॉक्टरांनी ताकीद दिली होती, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. काका फोनवर मराठीत बोलत होते. मी न राहवून म्हणालो, "तुम्ही महाराष्ट्रातले?"

काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अगंबाई! अहो, ऐकलंत का? हा आपल्यातला मुलगा आहे!"

आपल्यातला. मी त्याचा अर्थ मराठी असा घेतला. दुसरा अर्थ सुचला नाही, सुचायचं कारणही नव्हतं. अंगावर पांढरा कोट होता. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. त्यांनी गाव विचारलं, मी सांगितलं. त्यापुढे त्यांनी काही विचारलं नाही.

साच्यासाठी मी पाय हातात घेतला, तसा त्यांनी मागे ओढला.

"नको नको. तू पाय नको धरूस रे. मला पाप लागेल."

"काकू, धरल्याशिवाय साचा कसा घेऊ?"

"दुसरा कुणी माणूस नाही का तुमच्याकडे?"

नव्हता. शेवटी पाय पुढे आला, पण प्लास्टर वाळेपर्यंत त्या हात जोडून बसल्या होत्या. मला हसू आलं. बरंही वाटलं. माझ्या हातात पाय द्यायला संकोचणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

त्या रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. वरण-भात, तूप, लिंबू, बटाट्याची भाजी. टेबलावर मी काकांच्या शेजारी. पुढच्या रविवारी पुन्हा. काका क्रिकेटवर बोलत. काकू आग्रह करत. "वाळलायस नुसता. सांबार खाऊन माणूस जगतो का?" मी पोटभर जेवायचो, त्याहून जास्त बोलायचो. आठवडाभर साठलेलं सगळं. बसने परत येताना घसा दुखायचा. शनिवारी मी शर्टाला इस्त्री करून ठेवायला लागलो.

इनसोल तयार झाले. काकू घालून बघायला क्लिनिकमध्ये आल्या. मी पाय हातात घेतला. त्यांनी मागच्यासारखेच हात जोडले. मग त्यांचं लक्ष वरच्या तपकिरी थराकडे गेलं.

"हे काय आहे?"

"चामडं, काकू."

"अरे देवा. मला हे घरात घालायचंय. देवघरात जायचं, स्वयंपाक करायचा. चामडं घालून कशी जाऊ?"

"हा जोड बाहेरचा ठेवा. घरासाठी दुसरा करून देतो. खाली कॉर्क, वर फोमचं कापड. चामडं बिलकूल नाही."

त्यांना पटलं. हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण तुला शिसारी नाही येत रे? दिवसभर कातड्यात हात. आपल्या घरांत कुणी शिवलंसुद्धा नसतं. तुझी आई काय म्हणते?"

त्या दिवशी मला 'आपल्या' शब्दाचा अर्थ कळला.

मी म्हणालो, "आईनं जन्मभर कातडंच शिवलं, काकू. वडिलांनीही. आम्ही चांभार."

जोडलेले हात सुटले. हळूच सुटले, मांडीवर येऊन पडले. "असं होय," त्या म्हणाल्या. "बरं, बरं. छान शिकलास." मग त्यांनी दुसरा पाय उचलला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. मी मागितला नव्हता. संकोच नाही, पापाची भाषा नाही. पाय त्याच्या जागी आल्यासारखा आला.

पायाचं वजन मला रोज कळतं, तो माझा धंदाच आहे. पण तो पाय मला जड गेला.

पुढच्या रविवारी बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी कारणं शोधली. पाहुणे आले असतील. काका दौऱ्यावर असतील. मी इस्त्री केलेला शर्ट घालून मरीनाच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. समोर कुटुंबंच्या कुटुंबं पाण्यात पाय भिजवत होती. मी कुणाशी बोललो नाही.

घरातला जोड मात्र मी मन लावून केला. कॉर्क बारीक घासलं. कडा गोल केल्या. मग क्लिनिकमध्ये काकांचा फोन आला, काकूंना जिना उतरवत नाही, मुलाला जोड घेऊन घरी पाठवा. मी आनंदाने गेलो. हे मी लपवत नाही. मला वाटलं, घरी बोलावलंय.

दारात काका म्हणाले, "बाल्कनीत बसू या. उजेड चांगला आहे." जेवणाच्या टेबलाशेजारून मी बाल्कनीत गेलो. स्टूल मांडलेलं होतं. पाणी कागदी ग्लासात आलं. काकू आल्या, खुर्चीत बसल्या, पाय पुढे केला. मी इनसोल लावून बघत होतो. तेवढ्यात काका आतून ती पिशवी घेऊन आले.

मी चपलांकडे बघितलं. कोल्हापुरीचा अंगठा मला डोळे मिटून शिवता आला असता. माझ्या वडिलांनी हेच करून मला शिकवलं. त्यांच्या कामाची मला कधीच लाज वाटली नाही, त्या बाल्कनीतही वाटली नाही.

"काका, मी हे शिवणार नाही."

"अरे, फुकट नको. पैसे देतो ना."

"पैशाचं नाही."

"मग राग कसला? कला आहे ती तुम्हा लोकांची. अभिमान वाटायला पाहिजे. आमच्या ऑफिसात मी सगळ्यांना सांगतो, हे लोक किती पुढे गेलेत."

तू होतो, तुम्ही लोक झालो.

मी विचारलं, "या चपला नव्यानं तुटल्यात का?"

"छे, वर्षभर पडून आहेत."

"मी तीन रविवार तुमच्या टेबलावर जेवलो. तेव्हाही या घरातच होत्या. तेव्हा का नाही दिल्यात?"

काकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. प्रश्नच कळला नाही असा चेहरा. मग साध्या आवाजात म्हणाले, "तेव्हा आम्हाला माहीत कुठे होतं?"

एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्यांनी खरं ते सांगितलं.

मी काकूंचा पाय गुडघ्यावरून उचलला आणि फरशीवर ठेवला.

"अरे, इथे कडेला टोचतंय," काकू म्हणाल्या. त्या दिवशी तेवढंच बोलल्या.

"क्लिनिकमध्ये या. खुर्चीत बसा. तिथे नीट करून देईन. या घरात मी काम करणार नाही."

मी निघालो. चपला तशाच पसरलेल्या होत्या. त्यांच्यावरून पाऊल टाकून जावं लागलं.

संध्याकाळी क्लिनिकच्या मालकांनी बोलावलं. ते तमिळ. काकांनी तक्रार केली होती, मुलगा उर्मट आहे. मालक वैतागले होते. "एन्नप्पा, चप्पल दाने? चप्पलच ना? शिवून टाकायची. अ‍ॅडजस्ट करायला शिक." मी सांगितलं, सार, पेशंटचा पाय खुर्चीत बसून दहादा धरीन. त्या घरी जाणार नाही. पाठवायचंच असेल तर राजीनामा लिहून देतो. त्यांनी पेन टेबलावर टाकलं. "सरि, पो," म्हणाले. ठीक आहे, जा. नोकरी राहिली. का राहिली, मी विचारलं नाही.

काकू आल्या, रिक्षाने. जिना चढून. खुर्चीत बसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "पेन इज हिअर." माझ्याशी इंग्रजीत. तीन रविवार जिच्या वरणाचा वास माझ्या बोटांना होता, ती बाई आता माझ्याशी मराठी बोलायला तयार नव्हती. मी इनसोलची कड घासली, पुन्हा पायाखाली धरली आणि मराठीत विचारलं, "आता टोचतंय का?"

"नो. थँक्यू."

"घरात सतत घाला. अनवाणी चालू नका. जखम झाली तरी तुम्हाला कळणार नाही."

त्यांनी मान हलवली. त्या पुन्हा आल्या नाहीत.

इथल्या मराठी लोकांच्या गणपतीला मी त्या वर्षी गेलो. एका गृहस्थांनी हात पुढे केला. "अरे वा, कुठले आपण?" मी गाव सांगितलं आणि त्याच वाक्यात जात सांगितली. त्यांनी विचारली नव्हती. हात सुटला, पण गृहस्थ हसत राहिले. थोड्या वेळाने ते दुसऱ्या कोपऱ्यात होते. माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या आरती होईपर्यंत रिकाम्या राहिल्या. मी उठलो नाही. माझ्याच भाषेतली आरती होती, मी शेवटपर्यंत ऐकली.

तेव्हापासून मी असंच करतो. नाव, गाव, जात, पहिल्याच भेटीत, ताटावर बसण्याआधी. मला नीट ऐकून घेतल्यावर जे घर जेवायला बोलावेल, त्याच घरी मी जेवेन. तसं घर या शहरात अजून मिळालेलं नाही. मी मेसमध्ये एकटा जेवतो, आणि पुढच्या माणसालाही नाव, गाव, जात आधीच सांगणार आहे.