रंग खरवडलेला ट्रान्झिस्टर

साठच्या दशकात मुंबईला बीएस्सी करायला गेलेले आम्ही तिघे मालवण किनाऱ्याकडचे: मी, तळेऱ्याचा सदू आणि विजयदुर्गचा गंगाराम. विषय फिजिक्स, त्यात इलेक्ट्रॉनिक्स खास. आमचे किस्से म्हणजे सुंगटांची, कोळंबीची पाटी! एक उचलावं तर मिशांत मिशा अडकून चार वर येतात.

*

प्रवेशाच्या मुलाखतीत सरांनी सदूला विचारलं, "इलेक्ट्रॉनिक्सच का?"

"सर, आमच्या गावात वीज नाही."

"मग तिथे याचा उपयोग काय?"

"म्हणूनच, सर! ट्रान्झिस्टर सेलवर चालतो. विजेची वाट बघत बसलो तर म्हातारा होईन!"

सर मनापासून हसले. सदूला प्रवेश मिळाला.

*

सुट्टीत सदूच्या आजोबांनी पहिल्यांदा ट्रान्झिस्टर रेडिओ उघडलेला पाहिला. मुंबईत पाहिलेल्या जुन्या रेडिओत दिव्यासारखे व्हॉल्व्ह लालसर पेटायचे, हे त्यांना ठाऊक.

"ह्येच्यात दिवो खंय?"

"दिवो नाय, आजोबा. ह्यो थंडच चलता."

आजोबांनी हात लावून खात्री केली आणि खांद्यावरचा पंचा रेडिओवर घातला. "सर्दी व्हयत ह्येका!"

*

सेमीकंडक्टरमधल्या 'होल'ने मात्र आमचा जीव खाल्ला. इलेक्ट्रॉन नसलेली रिकामी जागा, आणि ती म्हणे चालते! गंगारामला हे पटेपर्यंत चैन नव्हतं. सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो, तर तो पडवीत आईलाच समजावत होता.

"आये, पंगत बसली. मधलो एक उठान गेलो. बाजूचो तेच्या पाटार सरकलो, तेच्या बाजूचो तेच्या पाटार. रिकामो पाट चलत चलत दारापर्यंत गेलो का नाय?"

काकींनी, म्हणजे त्याच्या आईने, विचार केला. "हां! म्हणजे तुझ्या बापाशीसारख्या. पंगतीक नाय, आणि गावभर हिंडता!"

खरं सांगतो, मला 'होल' समजलं ते त्या पडवीत.

*

गंगारामचे वडील तांडेल, मासेमारीच्या होडीचे म्होरके. बीएस्सी होताच ते म्हणाले, "आता होडयेर ये. आणखी शिकान काय करतलस?" गंगारामला एमएस्सी करायचीच होती. शेवटी ठरलं: मे महिन्यात त्याने स्वतः रेडिओ करून दाखवायचा. वाजला तर मुंबई, नाही तर होडी.

मी आणि सदू मदतीला गेलो. फळीवर सगळी जुळणी केली, आणि रेडिओ वाजलासुद्धा! पण गंगारामला एक खाज होती. रेडिओच्या आत ट्रान्झिस्टर नावाचा जो इवलासा भाग असतो, त्याच्या काचेवर काळा रंग असतो. तो खरवडू नका, असं सरांनी बजावलं होतं; का, ते सांगितलं नव्हतं. मग आत असतं तरी काय? पठ्ठ्याने रंग खरवडून आत डोकावून पाहिलं! काळोख्या माजघरात रेडिओ तरीही व्यवस्थित चालू होता.

दुसऱ्या दिवशी गंगारामच्या बाबांनी रेडिओ बाहेर खळ्यात, अंगणात आणायला लावला. डोक्यावर कडक ऊन. गंगारामने बटण फिरवलं. रेडिओ गप्प! गंगाराम पांढराफटक पडला. काय झालं ते बघायला बाबा वाकले, त्यांची सावली फळीवर पडली, आणि भजन सुरू! सरळ झाले, भजन बंद. पुन्हा वाकले, पुन्हा भजन! उघड्या काचेतून ऊन आत शिरलं की ट्रान्झिस्टर बिघडतोय, हे आम्हा तिघांच्याही लक्षात आलं. पण तोंड कोण उघडणार?

बाबा आणखी काही वेळा वाकले, उठले. मग दारात उभ्या असलेल्या काकींकडे एकदा बघून गंगारामला म्हणाले, "तू जा मुंबयक. पण ह्यो रेडिओ हंयच ऱ्हवांदे. घरात माझा आयकणारो ह्यो एकच आसा!"