आबा मुद्दाम करतात

असोद्याच्या वाल्मीकआबांना कमी ऐकू येतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. उमेदीची वर्षं जळगावच्या जिनिंग कारखान्यात गेली आणि सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात कान गेले. त्याचं त्यांना दुःख नाही. पण खोटारडा म्हटलेलं मात्र त्यांना सोसत नाही. मुकादमाने एकदा कामचुकार म्हटलं, तर आबा निवृत्तीपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

उन्हाळ्यात संध्याकाळ झाली की आबा खाट ओट्यावर घेतात आणि टीव्हीचं तोंड दाराकडे फिरवतात. शेजारपाजारचे जेवणं उरकून येतात, उंबऱ्याला लागून फरशीवर बसतात. क्रिकेटचा सामना असला की दार भरून जातं. आबा मागे, खाटेवरून सगळ्यांच्या डोक्यांवरून बघतात. टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

यंदा सून मृणालीने आतल्या खोलीतून ऑनलाइन शिकवण्या सुरू केल्या. मुलगा प्रशील बिनतारी हेडफोन घेऊन आला. जुन्या टीव्हीला ब्लूटूथ नव्हतं, म्हणून त्याने सेटटॉप बॉक्सशेजारी, ट्रॉलीच्या खालच्या फळीवर, आवाज पाठवणारी एक लहान डबी जोडली. "आबा, आता सगळ्यांपुरता टीव्ही हळू, तुमच्यापुरता मोठा."

पहिल्याच संध्याकाळी आवाज तुटला. आला, पुन्हा तुटला. आबांनी हेडफोन खाटेवर आपटला आणि रिमोटने टीव्ही मोठा केला. आत मृणालीचा वर्ग बंद पडला.

रविवारी दुपारी प्रशीलने हेडफोन पूर्ण चार्ज केला, जुनी जोडणी पुसून नव्याने जोडली, टीव्ही प्लगमधून काढून पुन्हा लावला. मग तो स्वतः ओट्यावरच्या खाटेवर तासभर बसला. आवाज एकदाही तुटला नाही. संध्याकाळी आबा बसले आणि तुटला.

"तुम्ही मुद्दाम हेडफोनचं बटन दाबता," प्रशील म्हणाला. "टीव्ही मोठा करायला निमित्त हवंय तुम्हाला. आता तुटला, तर टीव्ही आतल्या खोलीत जाईल. संध्याकाळचा बंद."

हे त्याने झुलाल, ताईबाई अशा पाचसहा शेजाऱ्यांदेखत म्हटलं. कुणी हसलं नाही, पण कुणी नाहीही म्हटलं नाही.

"मना कान गयात," आबा म्हणाले, "अक्कल नही गयी."

बायको मंदाबाईंनी आबांना जेवायला बोलावलं. ते गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाला तेव्हा आबांनी टीव्हीकडे पाहिलंच नाही. दारात बसलेल्यांकडे पाहत राहिले. दोन्ही हात मुद्दाम गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे. आवाज तुटला. थोड्या वेळाने झुलाल तंबाखू थुंकायला उठला. आवाज आला. झुलाल परत येऊन बसला. गेला.

"झुलाल, ऊठ."

"का हो आबा?"

"ऊठ म्हटलं ना." आवाज आला. "बस." गेला. "ऊठ."

"आबा, शाळेत मास्तरनंबी इतक्या उठाबशा नव्हत्या काढायला लावल्या."

"प्रशील, इकडे ये. हे घाल कानात. झुलाल, तू बस. ताईबाई, तूही थोडी सरक त्याच्याकडे."

प्रशीलने हेडफोन घातला. झुलाल बसला, उठला, बसला. प्रशीलचा चेहरा उतरत गेला. दारात बसलेली माणसं त्या खालच्या डबीपुढे भिंतीसारखी होती. रविवारी दुपारी दारात कुणीच नव्हतं. त्याने डबी काढली, लांब वायर जोडली आणि ती टीव्हीवरच्या कोनाड्यात, सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवली. झुलालला बसवलं. आवाज नीट येत राहिला.

"झालं आबा." त्याने हेडफोन परत दिला.

"नाही झालं. काल काय म्हणाला होतास?"

"जाऊ द्या ना आता. चालू झालं ना?"

"यंत्र चालू झालं. मी लबाड शे का, ते सांग. ज्यांच्यादेखत म्हणालास, ते सगळे बसलेत."

प्रशील उरलेली वायर गुंडाळायला लागला. मंदाबाई म्हणाल्या, "बोल रे, काय जीभ झिजते का?"

"चुकलं माझं," तो पुटपुटला.

आबांनी हेडफोन कानाला लावला होता. "काय?"

"चुकलं माझं, आबा. तुम्ही मुद्दाम करत नव्हता." आता त्याला ओरडावं लागलं. शिकवणी थांबवून मृणाली दारात आली. समोरच्या ओट्यावरची माणसंही वळून बघायला लागली.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "बाजूला हो," म्हणाले, "दिसत नाही."