अनवाणी निवडलेलं इंजिन

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजमध्ये मी माझ्या जुन्या जीपचं काम घेऊन गेलो होतो. तिथे साठीच्या एक बाई आपल्या नव्या गाडीचं इंजिन निवडायला आल्या होत्या. गाडी म्हणजे जुन्या परदेशी स्पोर्ट्‌स कारची हुबेहूब नक्कल, फायबरची, हळदीसारखी पिवळी. तिच्यासाठी गॅरेजच्या मालकानं हवेवर गार होणारी दोन इंजिनं, एक मोठं, एक धाकटं, स्वतः जुळवून स्टँडवर चढवली होती.

"मोठ्याचा आवाज ऐका की अक्का, वाघ हाय," बेळगावकडचा मालक म्हणाला.

बाईंनी दोन्ही कानांतली ऐकायची यंत्रं काढून पर्समध्ये ठेवली. मालक बघतच राहिला. मग त्यांनी चपला काढल्या, स्टँडला लागून सिमेंटवर अनवाणी उभ्या राहिल्या आणि हातानंच 'सुरू करा' अशी खूण केली. मोठं इंजिन गरजलं, छपराचे पत्रे थरथरले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. धाकटं सुरू झालं तेव्हा मात्र त्यांचे डोळे आपोआप मिटले आणि पायांची बोटं हळूहळू पसरत गेली. इंजिन असं निवडताना मी आजवर कुणाला पाहिलं नव्हतं. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

यंत्रं पुन्हा कानांत घालून त्या म्हणाल्या, "सरी अण्णा, ठीक आहे, हेच बसवा. आवाज रस्त्यावरच्या लोकांसाठी असतो. चालवणारीला गाडी पायांतून कळते."

त्या गेल्यावर मालकानं धाकटं इंजिन पुन्हा सुरू केलं आणि बूट काढले. मी माझे आधीच काढले होते.